गाठ मारेपर्यंत थांबा

मी मुळातच भित्री. सासूबाई मालवणकडच्या, तोंडाने फटकळ. लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी अख्ख्या मजल्याला सांगून टाकलं, "सून बरी आसा, पण सावलेक पण भिता." खोटं नव्हतं ते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीबद्दल आमच्या पिढीची माणसं बोलतात ती छाती पुढे काढून. कोणी मोर्चात होतं, कोणी तुरुंगात, कोणी अश्रुधुराचं नळकांडं उचलून परत फेकलं होतं. मला विचाराल तर मला त्या दिवसांतली भीती तेवढी आठवते. आणि टेनिसच्या रॅकेटची गाठ आठवते, कारण ज्या दुपारी मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरले त्या दुपारी ती माझ्या हातात होती.

आमचे हे धोबीतलावाजवळ एका खेळाच्या सामानाच्या दुकानात रॅकेटींचं गटिंग करत. म्हणजे लाकडी चौकटीच्या भोकांतून तात ओवून जाळी विणायची. तात मेंढीच्या आतड्याची, त्यामुळे सोमवारी ती सासूबाईंच्या नजरेला पडता कामा नये. एरवी बाई खुशाल बांगडे तळतील, पण सोमवारी तातीचं वेटोळं दिसलं की आम्हा दोघांचा उद्धार. दुकानात काम उरलं की हे रॅकेट घरी आणत आणि खिडकीखाली बसत. चौकट गुडघ्यांत धरायची, तात एका लाकडी दांडक्याला गुंडाळून खेचायची, आणि ती ताणलेली असतानाच भोकात आरी खुपसायची, म्हणजे तात मागे सरकत नाही. मग पुढचं भोक. आधी सगळ्या उभ्या, मग त्यांच्यातून एक वर एक खाली अशा आडव्या. तात निसटू नये म्हणून हे तिचा एक वेढा पंज्याभोवतीही घेत. त्यामुळे ह्यांच्या दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, आडवे लाल वळ कायमचेच होते. लग्नात हात हातात आला तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस शाळेत फार छड्या खाऊन आलेला दिसतोय.

सगळं काम शेवटच्या गाठीवर ठरायचं. शेवटची आडवी तात खेचून भोकात आरी मारायची, टोक शेजारच्या भोकातून आत घ्यायचं, तिथल्या घट्ट उभ्या तातीला वळसा द्यायचा, वळशातून टोक बाहेर काढून आवळायचं, आणि पुन्हा एकदा तसंच. गाठ लाकडाला टेकली पाहिजे आणि भोकापेक्षा मोठी झाली पाहिजे, नाहीतर आरी काढल्यावर ती भोकातच शिरते. कमी आवळली तर सुटते. जास्त आवळली तर तात तिथेच चिरते आणि पहिल्याच फटक्याला तुटते. ही गाठ चालू असताना घरात कोणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही, स्टोव्हला पंप मारायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. दारात पाहुणा आला तरी आतून ह्यांचा आवाज जायचा, "थांबा! गाठ मारतोय." माझे वडील एकदा आंब्याची करंडी डोक्यावर घेऊन गॅलरीत ताटकळले होते. पण नियम म्हणजे नियम.

मी उरलेल्या तुकड्यांवर शिकले. खिडकीच्या गजांना तातीचा तुकडा ताणून बांधायचा आणि त्याच्यावर गाठी मारत बसायचं, हा माझा दुपारचा उद्योग. हे बघायचे, "बरी आहे" म्हणायचे, पण खऱ्या रॅकेटची गाठ कधी मारू दिली नाही. मी फक्त चौकट दोन्ही हातांनी दाबून धरायची.

मग चळवळ आली आणि त्या वर्षी थंडीत गिरगाव पेटलं. गच्च्यांवरून दगड आणि सोड्याच्या बाटल्या खाली येत, खालून गोळ्या वर जात. मग कर्फ्यू. पलीकडच्या गल्लीत दूध आणायला निघालेला एक माणूस गोळी लागून गेला. त्याच्या बायकोचं रडणं आमच्या गॅलरीपर्यंत येत होतं, आणि मी काय केलं, तर खिडकी लावून घेतली. मला ते ऐकवेना. मला सारखं वाटत होतं, दुधाला तर कोणीही जातं.

त्यानंतर एका सकाळी नळावर बायका बोलताना ऐकलं, की पोलीस चाळींत शिरून तरण्या पुरुषांना नेतात आणि न्यायच्या आधी तळहात बघतात. गोफणीने दगड मारणाऱ्याच्या हातावर म्हणे दोरीचे वळ उठलेले असतात. माझी बादली भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही.

"अहो, तुमचे हात," घरात शिरल्या शिरल्या मी म्हटलं.

"काय झालं माझ्या हातांना?"

"वळ आहेत ना त्यांच्यावर."

नळावरचं सगळं सांगितल्यावर हे हसले. "गोफण फिरवायला गच्चीवर जावं लागतं. मी गेलो तर तुला इथे एकटीला भीती वाटेल, म्हणून तर मी चळवळीत नाही."

मला हसू आलं नाही. मी ह्यांचे दोन्ही हात मांडीवर घेऊन खोबरेल तेल आणि हळद चोळली. झालं एवढंच की पिवळ्या हातांवर ते वळ आणखीच उठून दिसायला लागले.

त्याच दिवशीची ती दुपार. दुकान बंद असल्यामुळे हे एक रॅकेट घरी घेऊन आले होते आणि ती पुरी होत आली होती. सासूबाई खाटेवर पडल्या होत्या. मी चौकट दाबून धरली होती. ह्यांनी शेवटची तात खेचली, आरी खुपसली, टोक शेजारच्या भोकातून काढलं. तेवढ्यात खालच्या जिन्यावर बूट वाजले. एकेक दार उघडल्याचे आवाज येत होते, कोणीतरी "नाही साहेब, नाही साहेब" म्हणत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं लक्ष तातीवर. मला सांगायचं होतं, पण नियम इतका अंगात मुरला होता की तोंडातून शब्द फुटेना.

आमच्या दारावर दांडका बसला. आणि ह्यांनी, मान वर न करता, रोजच्याच आवाजात म्हटलं, "थांबा! ओरडू नका, गाठ मारतोय."

म्हणून गेल्यावर ह्यांचं ह्यांनाच कळलं काय म्हणालो ते. चेहरा पांढरा पडला. सगळ्या चाळीत पोलिसांना थांबायला सांगणारं आमचं एकच घर. दारावर लाथा बसायला लागल्या. सासूबाई गुडघे धरत उठल्या. "अरे दार उघड मेल्या, ते फोडतले!" असं म्हणत त्यांनीच जाऊन कडी काढली, तोवर वरची बिजागरी निखळली होती.

फौजदार आत आला, मागून दोन शिपाई, तिसरा बंदूक घेऊन गॅलरीत.

"काय लपवत होतास इतका वेळ?"

"काही नाही साहेब. रॅकेट..."

एका शिपायाने तातीचं वेटोळं उचललं, हाताला गुंडाळून ताणून बघितलं. दुसऱ्याला रॅकेटच्या भोकात उभी आरी दिसली. "साहेब, हत्यार," म्हणत त्याने ती सर्रकन उपटली. गाठ अजून पडलेली नव्हती. ताणलेली तात फट् करून सुटली आणि तिचं टोक लाकडावर आपटलं. बंद खोलीत तो आवाज गोळीसारखाच आला. शिपाई मागे उडाला, आणि गॅलरीतल्याने बंदूक आत वळवून ह्यांच्या छातीवर धरली.

ती नळी मला अजून दिसते. तिच्या तोंडाशी जरा गंज होता. मला ओरडायचं होतं, मध्ये पडायचं होतं, आणि मी काहीसुद्धा केलं नाही. माझे हात चौकटीवरून निघेचनात. ह्यांच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलेलं होतं आणि मला वाटत होतं, गोळी तिथून आत जाईल. त्या पोराचं बोट घोड्यावर होतं. पोरगाच होता तो, आणि तोही घाबरलेला होता, म्हणून तर मला जास्त भीती वाटत होती.

"खाली घे ती," फौजदार त्याच्यावर खेकसला. मग ह्यांचे हात धरून उजेडाकडे फिरवले. हळद, आणि हळदीवर लाल वळ.

"गोफण कुठे आहे?"

"गोफण नाही साहेब. मी गटिंग करतो. तातीचे वळ आहेत हे."

"असं? मग दाखव करून. मार गाठ."

आरी परत मिळाली. ह्यांनी तात खेचली, आरी मारली, टोक हातात घेतलं. इतकी वर्षं डोळे मिटून मारलेली गाठ. पण वळशातून टोक काढायची वेळ आली की बोटं थरथरायची आणि टोक निसटायचं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं. कपाळावरचा घाम रॅकेटवर पडत होता. शिपाई एकमेकांकडे बघून हसले. फौजदार हसला नाही.

मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला येते, साहेब. ही मारेल."

मला वाटलं, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं. ही सुटली तर ह्यांना नेतील, एवढं एकच डोक्यात होतं. मी टोक हातात घेतलं. वळसा दिला. खिडकीच्या गजावर मारते तशीच मारायची, गजावर मारते तशीच, असं मनात म्हणत राहिले. टोक बाहेर आलं. आवळलं. दुसरा वळसा. आवळताना तात बोटात रुतली, तरी ती चिरते की काय हीच धास्ती. गाठ लाकडाला टेकली. ह्यांनी हळूच आरी काढली. तात किंचित मागे सरकली, माझा जीव गेला, आणि मग ती थांबली.

फौजदाराने जाळीवर अंगठा दाबून बघितला. अगदी नीट, दोन-तीनदा.

"घट्ट आहे," तो म्हणाला. "चल रे, घे ह्याला. बाकीचं चौकीवर."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं होतं, गाठ बसली म्हणजे सुटलो. सासूबाई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या, "साहेबानू, माझ्या झिलान कोणाक खडो मारूक नाय!" खालून फक्त बुटांचा आवाज येत राहिला. ह्यांच्या चपला दारातच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ कर्फ्यू उठला. मी रॅकेट पदराखाली धरून खोताच्या वाडीत दुकानाच्या मालकांकडे गेले. गाठीवर बोट ठेवून चालत होते, कोणी ओढून सोडेल की काय असं वाटत होतं. मालक जुन्या मुंबईचे ख्रिस्ती, वय झालेलं. त्यांनी ऐकून घेतलं, कोट चढवला, हॅट घातली आणि माझ्याबरोबर निघाले. चौकीत ते इंग्रजीत बोलले तेव्हा त्यांना खुर्ची मिळाली. रॅकेटकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तरी त्या दिवशी सोडलं नाहीच. मालक रोज हॅट घालून जात राहिले. मी रोज गॅलरीत उभी राहायची आणि पोलिसांची गाडी वाजली की आत पळायची. ह्यांना परत आणलं तर बघायचं होतं, आणि नाही आणलं तर बघायचं नव्हतं. अखेर त्या हॅटमुळेच सुटका झाली. माझ्या गाठीचा काडीचा उपयोग झाला नाही, ह्याचा मला आजही राग येतो.

हे आले ते अनवाणी. उजव्या हाताची बोटं सुजली होती. चौकीत काय झालं ते ह्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण मला ते ऐकायची भीती वाटत होती. सासूबाईंनी पाणी तापवलं. त्या दिवशी त्यांनी मेल्या म्हणून हाक मारली नाही.

सूज उतरली, दुकान उघडलं, रॅकेटी पुन्हा घरी यायला लागल्या. पहिल्याच रॅकेटला हे शेवटच्या ताती‌पर्यंत आले, आरी मारली, टोक शेजारच्या भोकातून काढलं, आणि हात थरथरायला लागला. ह्यांनी टोक सोडून दिलं. रॅकेट उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"तू मार," म्हणाले.

तेव्हापासून ह्यांच्या रॅकेटींच्या गाठी मीच मारल्या. दुकानात पुरी करायची वेळ आली तरी शेवटची गाठ ठेवून, आरी तशीच भोकात अडकवून हे ती घरी आणायचे. मालकांच्या ते ध्यानात आलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. मी टोक हातात घेतलं की हे उठून गॅलरीत जायचे आणि रस्त्याकडे बघत उभे राहायचे. आरी काढल्याचा आवाज आला की आत येऊन म्हणायचे, "तुझा हात कसा कापत नाही गं?" कापायचा. दर वेळी कापायचा. पण ह्यांची पाठ माझ्याकडे असायची, आणि आत यायच्या आधी मी हात पदराखाली घ्यायची.