पाचपैकी एक

मस्कतच्या विमानतळावर आम्हा चौघांच्या सामानाचं वजन झालं, तेव्हा माझी बॅग तीन किलो जास्त भरली. त्यात चित्रांचे तक्ते होते, रंगीत कार्डं होती आणि मी हौसेने छापून घेतलेले कागद होते. आमच्या भजन मंडळातल्या पद्माकररावांची पेटी (हार्मोनियम) मात्र बिनबोभाट आत गेली. "देवाचं काम आहे शुभदाताई, देव सोडवतो," ते म्हणाले. मला चपलांचे दोन जोड आणि चकल्यांचा डबा काढून सोडायला आलेल्या नवऱ्याच्या हातात परत द्यावा लागला, म्हणजे देवाने त्यांच्यापुरतंच सोडवलं होतं.

आम्ही सव्वीस वर्षं मस्कतला राहतो. माझं माहेर साताऱ्याचं. मस्कतच्या भारतीय शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले. दर शुक्रवारी आमचं भजन मंडळ जमतं, आणि नुसत्या टाळ्या वाजवून भागत नाही, वर्षातून एकदा हातानेही काही सेवा करायची, असा मंडळाचा नेम आहे. मंडळातल्या एकीचं माहेर अमरावतीचं. तिच्या ओळखीने यंदा ठरलं की भातकुलीच्या रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत जाऊन शिक्षकांना आठ दिवस इंग्रजी शिकवायचं. जूनपासून त्या शाळेत पहिलीला सेमी इंग्रजी सुरू व्हायचं होतं. आता विमानाने समुद्र ओलांडून परक्या मुलखात शिकवायला जायचं आणि तो मुलूख निघावा आपल्याच महाराष्ट्रातला, याची गंमत वाटत होती. पण वऱ्हाडात मी जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं, हेही खरंच.

मुंबईहून रात्रीची गाडी धरून सकाळी अमरावतीला उतरलो. जानेवारीची थंडी होती. शाळेचे राऊत सर जीप घेऊन आले होते. चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, सतत हसणारे. आमच्याकडे पाहून नमस्कार केला आणि लगेच ड्रायव्हरवर ओरडले, "काहून उभा हायेस बे? सामान उचलून राहिला का पाहून राहिला?"

"उचलून राहिलो न सर! तुमी सरका आंधी!" ड्रायव्हर तेवढ्याच जोरात.

मी घाबरले. साताऱ्याला इतक्या आवाजात बोलणं झालं तर मधे दोन माणसं पडतात. इथे मात्र दोघे लगेच एका पुडीतली सुपारी वाटून खायला लागले. कोपऱ्यावरच्या गाडीवर त्यांनी आम्हाला गिला वडा खिलवला (दह्यात भिजलेला, वरून झणझणीत तिखट घातलेला वडा). "सांबार टाकू काय?" गाडीवाल्याने विचारलं. मी ठामपणे नको म्हटलं, तर माझ्या वड्यावर कोथिंबीर पडली नाही. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला राऊत सरांनी मागाहून सांगितलं.

शहर सुटलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन लागली. इतकी काळी की साताऱ्याची माती आठवून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. कपाशीच्या शेवटच्या वेचणीला बायका ओळीने वाकलेल्या, तूर वाळत आलेली, खाली हरभरा हिरवागार. शाळा रस्त्यालगतच होती. लांबट कौलारू इमारत, पुढे मोठं अंगण, मागे वसतिगृह. आमची सोय तिथेच केलेली होती.

इंग्रजीच्या तासाची सुरुवात प्रार्थनेने करावी असं मंडळाने सांगितलं होतं, आणि ते शाळेला कसं विचारायचं याची मला काळजी होती. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याच्याबिना अठी काईच सुरू नाई होत मॅडम." (अठी म्हणजे इथे.) सकाळी परिपाठ, संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात सगळ्यांची प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर दोन मिनिटं अगदी शांत बसायचं. दिवसभर भांडल्यासारखी बोलणारी ही माणसं तेवढी दोन मिनिटं श्वाससुद्धा हळू घेतात. पद्माकरराव पहिल्याच संध्याकाळी पेटी घेऊन त्यांच्यात मिसळून गेले.

पहिल्या तासाला बावीस शिक्षक बसले होते. मी माझे छापील कागद वाटले. माझी सव्वीस वर्षांची सवयच ती. वर नाव लिहायचं आणि खाली एकच प्रश्न, इंग्रजी शिकवण्याच्या तयारीबद्दल स्वतःला पाचपैकी किती गुण द्याल? कागद गोळा केले, चाळले. बहुतेकांनी पाच लिहिलं होतं, काहींनी विनयाने चार. राऊत सरांनी पाच लिहून त्याला गोल केला होता. एका कागदावर मात्र एक होता. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "वाचता येते. बोलायची भीती वाटते." नाव होतं नंदा भुयार.

कोण म्हणून पाहिलं, तर दुसऱ्या रांगेत पन्नाशीच्या, किडकिडीत, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाई. पहिलीचा वर्ग त्यांच्याचकडे होता. मी पाहते म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात संस्थेचे सचिव आले. वानखडे भाऊ. अकोल्याला त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, आवाज असा की मागच्या वसतिगृहातली मुलं गप्प झाली. आमचे आभार त्यांनी दोन वाक्यांत उरकले आणि शिक्षकांकडे वळले.

"हे पाहा, सेमी त जूनपासून सुरू होणारच हाय. ज्याले जमते त्यानं रहा. ज्याले नाई जमत त्याच्यासाठी आपली बाळापूरची शाळा हायेच, अकोल्याच्या पल्याड. मंग मले म्हनू नका!"

मग माझ्याकडे हात पुढे केला. "आना मॅडम ते कागद. कोनाचं किती पानी हाय, पाहू द्या मले."

मी दिले. इतकं सहज, जसा पाण्याचा ग्लास द्यावा. ते कागदांची घडी घालून खिशात टाकून निघून गेले.

पुढचे दोन दिवस छान गेले. भुयार मॅडम माझ्यासमोर तोंड उघडत नव्हत्या, पण मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहत होत्या. माझी रंगीत कार्डं त्यांनी बाजूला ठेवली आणि संत्री आणली. पोट्ट्यांनी (मुलांनी) सोलली, मोजली, खाल्ली, आणि प्रत्येक कामाचा इंग्रजी शब्द हातांबरोबर म्हटला. मी खिडकीतून पाहत होते. मी आत गेले असते तर मॅडमचा आवाज बंद झाला असता, म्हणून बाहेरच उभी राहिले.

रविवारी शाळेमागच्या वावरात (शेतात) रोडग्यांचा बेत होता. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या रश्श्याबरोबर खायचे. मीही हौसेने वळायला बसले. माझा रोडगा दर वेळी तडकत होता. शेजारी बसलेल्या भुयार मॅडमनी तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा त्यांना राहवलं नाही.

"नो, नो. प्रेस. स्लोली. नाऊ टर्न."

बोलून गेल्यावर त्यांनाच कळलं. तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की पिठाचे हात पदराला लागले. मला तर रोडग्यापेक्षा त्या शब्दांनीच पोट भरल्यासारखं वाटलं. पद्माकररावांनी टाळी वाजवली आणि दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

जेवणानंतर हात धुताना मी राऊत सरांना म्हणाले, "भुयार मॅडम जूनमध्ये पहिली छान सांभाळतील."

त्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "त्या काय सांभायतात मॅडम. त्याईले बाळापूरले जाव लागते आता."

"का?"

"तुमचा तो कागद नाई का? त्याच्यावर एक लिवून बसल्या. भाऊ तोच पाहून ठरवतात न." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी सासू अंथरुणावर हाय त्याईची. कूस बदलाले माणूस लागते. भातकुलीहून बाळापूर काय रोज करता येते?"

"पण तुम्ही सगळ्यांनी पाच लिहिलं!"

"मंग काय लिहाव? तुमी आठ रोजानं मस्कतले जाणार. आमाले अठीच रहाव लागते."

माझ्या पायाखालची काळी जमीन सरकली. त्या बाईने मला विश्वासाने खरं सांगितलं आणि मी ते पहिल्याच तासाला त्यांच्या मालकाच्या खिशात घातलं. शिक्षिकेने मुलाची चूक दुसऱ्याला दाखवायची नसते, हे मी नव्या शिक्षिकांना कितीदा शिकवलं असेल. त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतरच्या दोन मिनिटांत मी देवाला सांगितलं, तो कागद हरवू दे. उंदराने खाऊ दे. आजवर देवाकडे मी तब्येत मागितली होती, मुलाची नोकरी मागितली होती. कागदाची चोरी पहिल्यांदाच मागत होते.

पद्माकररावांना सांगितलं तर ते म्हणाले, "देवावर सोडा." मला राग आला. "देवाने दिलेला नाही तो कागद, मी दिलाय," मी म्हणाले आणि सोमवारी सकाळची अकोल्याची एसटी धरली.

बस बडनेरा, मूर्तिजापूर करत अडीच तास धडधडत गेली. शेजारी तुरीच्या शेंगांची पिशवी घेतलेल्या एक आजी होत्या. "अकोल्यात कोन हाय तुमचं?" त्यांनी विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांना माझी काळजी वाटली आणि उतरेपर्यंत त्या मला शेंगा सोलून देत होत्या. मी खात होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. चूक माझी आहे, तो कागद प्रशिक्षणापुरता होता, कृपया परत द्या. साताऱ्याच्या मराठीत ही वाक्यं फारच सभ्य वाटत होती.

दुकान बाजारात होतं. खताच्या पोत्यांचा उग्र वास, पुढे चार-पाच शेतकरी, गल्ल्यावर वानखडे भाऊ. मला पाहून तिथूनच गरजले, "काय झालं मॅडम? जेवायची आबळ होऊन राहिली का?"

मी सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य जुळवल्यासारखं आलं नाही. शेवटी तर सगळ्या शेतकऱ्यांसमोर मी म्हणाले, "त्या बाईंना बाळापूरला पाठवू नका. त्यांनी खरं लिहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा आहे."

भाऊंनी गल्ला लोटला. "कोन म्हने मी त्याईले बाळापूरले पाठवून राहिलो?"

"सगळे म्हणतात."

"सारे पाच नंबरवाले म्हनत असन!" ते मोठ्याने हसले. मग नोकराला चहा सांगितला, मला पोत्यावर कापड टाकून बसवलं आणि म्हणाले, "मी तीस वर्षांपासून खत विकून राहिलो मॅडम. शेतकरी येते, मी इचारतो जमीन कशी हाय. जो तो म्हनते, एक नंबर! अन् एखादा म्हनते, भाऊ, खालचा कोपरा चोपण हाय, पानी मुरत नाई. (चोपण म्हणजे खारवट, दगडासारखी आवळणारी जमीन.) त्याचंच वावर पिकते. काहून? खत कुठी टाकाव लागते हे त्याले मालूम हाय." पुढे बसलेल्या एका शेतकऱ्याने मान डोलावली. "बाईंचा कागद पाह्यला अन् तवाच ठरवलं. पहिली त्याईलेच. पोट्ट्याईले खोटं त शिकवणार नाई."

मला रडू आलं. अगदी मोकळं, लाज न वाटता. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आता काहून रडून राहिल्या?" भाऊ वैतागले. "चांगलं सांगून राहिलो त रडता!"

"मग बाळापूरला कोण?" मी डोळे पुसत विचारलं.

"राऊत सर. तठीबी सेमी सुरू करायचं हाय. त्याईनं पाच लिवले, वर गोलबी मारला. अन् घर बाळापूरच्या बाजूले, पारसले हाय त्याईचं, त्याईले जवळ पडते."

राऊत सरांना हे कळलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं समजेना. घर जवळ येणार म्हणून पेढे वाटले, आणि उरलेले तीन दिवस पहिल्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. भुयार मॅडमना मात्र मी अकोल्याला कशासाठी गेले होते ते सांगितलं नाही. धीर झाला नाही. निघताना त्यांनी माझ्या बॅगेत संत्री भरली. वजन पुन्हा तीन किलो जास्त भरलं असतं, पण या वेळी मी तक्ते काढून शाळेला देऊन टाकले.

मस्कतला पोचल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, पहिलीचा वर्ग पक्का झाला म्हणून. मग मात्र मला राहवलं नाही. तुमचा कागद मीच भाऊंना दिला होता, मला माफ करा, असं सांगून टाकलं.

"मले मालूम होतं ताई. समोरच त दिला तुमी."

"मग एका शब्दाने बोलला नाहीत? आणि भाऊ मागतील हे ठाऊक असून एक का लिहिलात? बाकीच्यांसारखं पाच लिहायचं होतं."

मागे सासूबाई काहीतरी मागत होत्या, त्यांना "आली हो" म्हणाल्या आणि मग मला म्हणाल्या, "अन् पाच लिहिलं असतं, त तुमी मले काय शिकवलं असतं?"

फोन ठेवला आणि ओट्याशी त्यांच्या संत्र्यांपैकी एक सोलायला घेतलं. सव्वीस वर्षं मी प्रत्येक तासाच्या शेवटी मुलांना विचारत आले, समजलं ना? मुलं एका सुरात हो म्हणायची, आणि मी समाधानाने खडू ठेवून बाहेर पडायचे.