बाळाकाकांच्या चार जबान्या

बाळाकाकांवर मी जितका चिडलोय तितका सख्ख्या भावावरही कधी चिडलो नसेन. राजापूरकडचा माणूस, बावीस वर्षं सौदीतल्या दम्माममध्ये काढलेली, कामात एकदम चोख. पण बोलायची वेळ आली की नको तिथे गप्प बसणार आणि नको तिथे सगळं खरं ओकून मोकळे होणार.

काका रिगर आहेत. म्हणजे क्रेन जे ओझं उचलते ते नीट बांधायचं, आणि ते हवेत असताना त्याची दोरी हातात धरून त्याला भरकटू द्यायचं नाही. दोरी सोडायची नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. मी पंकज, त्याच कंपनीच्या सेफ्टी ऑफिसात कागद सांभाळतो. कामगार हिंदीत नाहीतर मराठीत सांगतात, मी ते इंग्रजीत टाईप करतो, ते खाली सही करतात. काकांच्या तीन जबान्या मीच टाईप केल्यात. चौथी कागदावर आलीच नाही, तिचं पुढे सांगतो.

झालं असं. मार्चमधल्या एका सकाळी यार्डात पाइपांचा गठ्ठा वर चढत होता. एकाएकी वाळूचा वारा सुटला, गठ्ठा गरकन फिरला आणि रिकाम्या उभ्या असलेल्या पिकअपवर आदळला. गाडीचं टप पार चेपलं. माणूस कुणी जखमी नाही, देवाची कृपा. पण गाडी चेपली म्हणजे चौकशी आलीच. आणि चौकशीत सवाल एकच होता: आधी वाऱ्यानं गठ्ठा फिरला आणि मग काकांनी दोरी सोडली, की काकांनी आधी दोरी सोडली म्हणून गठ्ठा फिरला? दुसरं निघालं तर खलास. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द, घरचं तिकीट हातात, आणि कागदावर निष्काळजीपणाचा शेरा.

पहिली जबानी काकांनी जागेवरच दिली, फोरमनला. "वारा आला, गठ्ठा फिरला, हाताला चटका बसला, दोरी सोडून पळालो." बस्स, एवढंच.

दुसरी दोन दिवसांनी, मॅनेजरसमोर. तिच्यात एकदम मोहियुद्दीन उगवला. हा आमचा वेल्डर, बिहारचा. तो गठ्ठ्याच्या वाटेत उभा होता आणि चटका बसला तरी धरून ठेवलेली दोरी टाकून काकांनी त्याला ढकललं. हे तरी काका बोलले कधी? मोहियुद्दीननं स्वतः ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा. आधी का लपवलं, तर तो क्रेनभोवतीची मनाईची लाल पट्टी ओलांडून आत आला होता. त्याचं नाव घेतलं असतं तर त्याच्यावर शेकलं असतं, म्हणून काका गप्प.

तिसरी जबानी चौकशी समितीपुढे, आणि तिथे काकांनी कहरच केला. "साहेब, वारा आला, दोरी हातातून पळायला लागली, चटका बसला, तरी मी सोडत नव्हतो. तेवढ्यात आईची हाक आली. 'बाळ्या, सोड ती दोरी, मागं बघ!' मागं बघितलं तर मोहियुद्दीन."

काकांच्या आईला, बायजाबाईंना, जाऊन अकरा वर्षं झालीत.

टाईप करता करता माझी बोटं थांबली. मी मराठीत पुटपुटलो, "काका, हे नको लिहूया." तर म्हणतात, "साहेबांनी सगळं सांग म्हटलंय. लिही तू." लिहिलं. मॅनेजरनी तिन्ही कागद टेबलावर आपटले. "आधी कुणी नाही, मग मोहियुद्दीन, आता आई! उद्या आजोबा येतील! तीन वेळा तीन गोष्टी सांगतो तो माणूस खोटा." निकाल गुरुवारी, म्हणाले.

बाहेर आल्यावर मी काकांना जे झापलंय! "अक्कल काय पेटीत ठेवून येता का? मेलेल्या बाईची साक्ष काढतात कधी चौकशीत?"

काका पायरीवर बसले. "पंकज, फोरमननं विचारलं, काय झालं. तेवढं सांगितलं. मॅनेजरनं विचारलं, कुणाला ढकललंस. तेवढं सांगितलं. आज म्हणाले सगळं सांग, तर सगळं सांगितलं. यात खोटा कुठला रे?" मग हळूच म्हणाले, "बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक कागद नाय. आता खोटारडा म्हणून घरी जाऊ?"

त्यांचे डोळे भरले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. माझीच मला लाज वाटली.

समितीत आमचा सेफ्टी ऑफिसर रोमेलही होता. हा फिलिपिनो, इलोइलो गावचा, शांत माणूस. चार वर्षं काका त्याला रोज चहा विचारतात, तो रोज नको म्हणतो आणि नुसतं गरम पाणी पितो. काकांनी परस्पर ठरवून टाकलं की याला पित्त आहे. एकदा सुट्टीवरून येताना त्याच्यासाठी कोकमाचं आगळ आणलं, आणि तो बिचारा ते महिनाभर प्यायला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत रोमेलनं आम्हा दोघांना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर तिन्ही जबान्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. तो इंग्रजीत बोलत होता, मी काकांना मराठीत सांगत होतो.

"मी मॉर्मन आहे, ख्रिश्चनांतलाच एक पंथ," तो हळू आवाजात म्हणाला. इथे असले विषय कुणी चारचौघांत काढत नाही, म्हणून आम्हीही खुर्च्या पुढे ओढल्या. "आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य."

"म्हणजे पित्त नाय?" काकांचा पहिला प्रश्न हा.

"नाही."

"मग आगळ कशाला प्यायलास?"

"तुम्ही आणलंत म्हणून."

काकांना हसावं की रडावं कळेना. रोमेल पुढे सांगू लागला. "आमच्या पंथाची सुरुवात एका दर्शनातून झाली. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जोसेफ स्मिथ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, चौदाएक वर्षांचा, रानात एकटा प्रार्थनेला गेला आणि त्याला देवाचं दर्शन झालं. लहानपणापासून मी एकच हकीकत ऐकत आलो. देव आणि येशू असे दोघं दिसले, आणि सध्याच्या कुठल्याच पंथात जाऊ नकोस म्हणाले. वीस वर्षांचा झालो तेव्हा कळलं, त्यानं स्वतः ती हकीकत चार वेळा तरी सांगून ठेवलीय, आणि चारही सारख्या नाहीत. सगळ्यात जुनी लिहिली तीच मुळी घटनेनंतर बारा वर्षांनी. तिच्यात फक्त प्रभू दिसतो आणि पापांची क्षमा करतो. दुसऱ्या एकीत दोघं आहेत, शिवाय पुष्कळ देवदूत. वयसुद्धा सगळीकडे जुळत नाही."

"मग?" काकांनी विचारलं. त्यांना आता स्वतःची चौकशी आठवत नव्हती बहुतेक.

"मग मला फसवल्यासारखं वाटलं. दोन वर्षं चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही, आईशीसुद्धा धड बोललो नाही. काही लोक यावरून कायमचे सोडून गेले, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. मी परत आलो. त्या मुलाला रानात काय दिसलं हे मला कुणाला सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण एक गोष्ट शिकलो. हकीकती वेगळ्या आहेत एवढ्यावरून माणूस खोटा ठरत नाही. कुणी विचारलं, कधी विचारलं, त्या वेळी मनात काय होतं, तसा माणूस सांगतो. म्हणून आधी हे बघायचं, की सगळ्यांत टिकून काय राहिलंय."

त्यानं पेन घेतलं आणि तिन्ही कागदांवर एका शब्दाखाली रेघ ओढली. चटका.

"हाताला चटका कसा बसला?"

"दोरी पळाली ना हातातून."

"हातमोजे नव्हते?"

"होते की."

"कुठायत?"

काका घुटमळले. आमच्याकडे जुने मोजे परत केल्याशिवाय स्टोअरमधून नवे मिळत नाहीत. चौकशी लागलेली असताना तिथे तोंड दाखवायची काकांना लाज वाटली. मग काय केलं या माणसानं? मोज्याला वरून चामड्याचा तुकडा लावून, दाभणानं शिवून, तेच वापरत होते! मागच्या खिशातून त्यांनी तो काढला. रोमेलनं पात्यानं शिवण उसवली. खाली तळहाताला आडवा, बोटभर लांब पट्टा जळून आरपार गेला होता.

"दोरी आधीच सोडली असती," रोमेल म्हणाला, "तर हा मोजा जळला कसा?"

हे काकांना मराठीत सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. एवढे कागद मी टाईप केले, तीनदा 'चटका' लिहिलं, आणि एकदाही विचारलं नाही. मग मला राहवेना. म्हटलं, "रोमेल, चौथी जबानी पण आहे. त्याच संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर बायकोला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आज काहीच झालं नाही, फक्त चहाच्या किटलीचा हाताला चटका बसला."

रोमेल पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. "बघ, तिच्यातही चटका आहेच."

गुरुवारी समितीसमोर तो मोजा ठेवला. मॅनेजरनी तो उलटापालटा करून चार वेळा बघितला. क्रेनवाल्याला बोलावलं, त्यानंही सांगितलं की गठ्ठा फिरला तेव्हा दोरी ताणलेली होती. मोहियुद्दीनला समज मिळाली, नोकरी राहिली. काकांवर काहीही ठपका नाही. मॅनेजर बाहेर आले, काकांकडे न बघताच म्हणाले, "बाळाराम, यल्ला, चल, कामाला. आणि स्टोअरमधून नवीन मोजे घे." माफीबिफी काही नाही. पण आम्हाला कुठे हवी होती? हुश्श! मोहियुद्दीननं काकांना मिठी मारली ती सोडेचना. मी आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

शुक्रवारी दुपारी काकांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. मला शेजारी बसवून घेतलं, धीर म्हणून. "अनिता, त्या दिवशी तुला किटलीचं सांगितलं ना, ते..."

"ते खोटं होतं, माहिती आहे," काकू म्हणाल्या. "किटलीनं कधी तळहाताला आडवा पट्टा पडतो? कॅमेऱ्यात दिसला मला."

"मग विचारलं नाय?"

"सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं. रोज देवापुढे दिवा लावून वाट बघत होते."

काकांनी सगळं सांगितलं. वारा, मोहियुद्दीन, मॅनेजर, मोजा. आईच्या हाकेपाशी येऊन अडखळले, माझ्याकडे बघितलं, आणि मग तीही सांगितली. तिसऱ्या जबानीत जशी होती तशीच. मला वाटलं, झालं, आता काकूही हसणार.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "त्याच असणार. आई मला कितीदा म्हणाल्या होत्या, अनिता, आमच्या बाळ्याला एकदा धरलेलं सोडता येत नाही, कुणीतरी सांगावं लागतं."

काका फोन तसाच हातात धरून लहान पोरासारखे रडायला लागले, आणि मी त्यांना गप्प करायच्या भानगडीत पडलो नाही.