हा ड्रायव्हर कोणी वापरत नाही म्हणे

बाबा रिटायर झाले आणि आम्ही बरखेड्यातलं कंपनीचं क्वार्टर सोडून त्याच शहरात शाहपुऱ्याला राहायला आलो, तरी हिंदी मुलखातलं आमचं मराठी मंडळ बरखेड्यातच राहिलं. मंडळाच्या वाचनालयात तीन जुने कॉम्प्युटर होते. रिटायर्ड काका लोक त्यांवर नागपूरचे पेपर वाचायचे, काकू पुण्यातल्या लेकींशी बोलायच्या. त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम मीच घातली होती, त्यामुळे काही बिघडलं की मला बोलावणं यायचं.

एकदा लिनक्स लिहिणाऱ्यांच्या मेलच्या यादीवर असंच वाचताना कळलं, की त्या मशिनींत जे नेटवर्क कार्ड आहे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमधून काढून टाकणार आहेत. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. ड्रायव्हर गेला की पुढच्या आवृत्तीत कार्ड असून नसल्यासारखं. कारण एका ओळीत दिलं होतं: हे आता जगात कोणी वापरत असेल असं वाटत नाही.

मी चिडलेच. रोज सकाळी तिथे खुर्चीसाठी भांडणं होत होती!

मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, जाने दे ना बेटा. नवीन कार्ड टाकू."

"चालू वस्तू का फेकायची, काका?"

"तू एकटी काय करणार?"

मी ऑफिसात बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते. कर्नलमध्ये तोवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तरी मेल लिहायला बसले. आई मागे उभी राहून वाचत होती. शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई ती.

"यात तीनदा सॉरी का आहे? तुझं काय चुकलंय?"

"तशी पद्धत असते, आई."

"मराठीत कशी भांडतेस? तसंच इंग्रजीत भांड."

सगळे सॉरी काढले. मेल गेला आणि लगेच परत आला. त्या यादीवर साधा मजकूरच चालतो, रंगीत अक्षरांचा मेल दारातूनच हाकलतात. सेटिंग बदलून पुन्हा पाठवला: आमच्याकडे तीन आहेत, तिन्ही रोज चालतात, काढायला माझा विरोध आहे.

कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या गृहस्थांचं उत्तर कोरडं होतं. ठेवायचा तर ड्रायव्हरची साफसफाई करायला हवी, पण कार्ड कोणाकडे नाही. तपासून देणार का?

देते, म्हटलं.

त्यांनी पॅच पाठवले. पॅच म्हणजे कोडमधल्या बदलाचा तुकडा. ते घालून मी घरी नवा कर्नल बांधला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि रविवारी वाचनालय गाठलं. पेपर वाचणारे काका ताटकळले, कुरकुरले. नेट सुरू झालं. पण मोठी फाइल उतरवायला घेतली की मध्येच सगळं ठप्प. तसं कळवलं.

"माझ्याकडे नीट चालतं," उत्तर आलं. "तुमची केबल तपासा."

केबल बदलली. सगळ्या केबली जोडायचा स्विचही बदलला. दुसऱ्या मशिनीवर करून पाहिलं. तेच. पुन्हा लिहिलं. ते म्हणाले, त्यांच्या नकली मशिनीत, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या कार्डावर, असं काही दिसत नाही.

मी लिहिलं, "तुमच्याकडे खरं कार्डच नाही, तर दिसणार कसं? माझ्याकडे आहे. ते अडकतंय. हा पॅच असाच गेला तर मी पुन्हा विरोध करीन."

पाठवल्यावर मेल पुन्हा वाचला. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

मग मी पॅच ओळीओळीनं वाचायला घेतला. समजेना तिथे थांबले, शोधलं, पुन्हा वाचलं. जुन्या कोडात एक ओळ होती: कार्डाकडून एक आकडा वाचायचा आणि टाकून द्यायचा. साफसफाईत ती गेली होती. जाणारच, बघणाऱ्याला ती फालतूच वाटेल. मी ती परत घातली. फाइल शेवटपर्यंत उतरली. का, ते शोधायला आणखी एक आठवडा गेला. कार्डाला दिलेला आधीचा हुकूम वाटेतच रेंगाळायचा; आकडा मागितला की त्या हुकमाला आधी कार्डापर्यंत पोचणं भाग पडायचं.

तेवढ्या एका ओळीचा पॅच मी माझ्या नावानं पाठवला आणि कारण लांबलचक लिहिलं.  दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: "तुमचं बरोबर आहे. चूक माझी होती." खाली एक सूचना होती, त्या ओळीच्या वर कोडातच खुलासा लिहा, म्हणजे पुन्हा कोणी काढणार नाही. सूचना रास्त होती. मी लिहिला.

पॅच घेतला गेला. ड्रायव्हर काढायचा प्रस्ताव त्यांनी स्वतःच मागे घेतला.

आईला सांगितलं तर म्हणाली, "नाव पूर्ण लावलंस ना? आडनावासकट?"

"हो."

"मग ठीक."

आता त्या ड्रायव्हरला कोणी हात लावला की मेल मलाही येतो. परवा एकानं यादीवर विचारलं, हे जुनं ओझं अजून का वाहतोय आपण? मी ऑफिसातूनच उत्तर दिलं. आम्ही वापरतो. तुमचा पॅच पाठवा, रविवारी तपासते.