टाकीच्या आतला वेल्डर

बदलापूर गावातला सुजित म्हसकर अंबरनाथच्या एका कारखान्यात वेल्डर होता. तिथं स्टीलच्या मोठ्या टाक्या बनत. आतला जोड मारायला माणसाला टाकीत उतरावं लागे, आणि त्याच्या पाळीत अकरा वर्षं तो माणूस सुजितच होता. त्याच्या जोडावर बोट फिरवलं तर कुठं उंचवटा लागायचा नाही. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं, तोंडात नाणं चघळल्यासारखी चव राहायची. गूळ खा, सगळं निघून जातं, असं जुने कामगार सांगत. तो खायचा.

लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. दोष सुनेचा, हे आई बनूबाईने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. विनिताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, उपास झाले, नवस झाले. धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात बनूबाईने तिला ओटी भरू दिली नाही. "तू नको, तू भांड्यांकडं बघ," म्हणाली. सुजित तिथंच खुर्च्या मांडत होता. त्यानं ऐकलं आणि पुढची खुर्ची उचलली.

शेवटी उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी विनिताला सांगितलं, "तुमच्यात काही नाही. नवऱ्याला आणल्याशिवाय परत येऊ नका."

आठवडाभर कुरकुर करून तो गेला. रिपोर्ट आला. शुक्रजंतू फार कमी, होते तेही अशक्त.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"वेल्डिंग. टाकीच्या आत."

"धूर ओढून घ्यायला पंखा?"

"रुमाल बांधतो."

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "त्याच्यामुळंच, असं मी लिहून देऊ शकत नाही. पण त्या धुरात धातू असतात, ते शरीरात जातात, आणि वर टाकीतली उष्णता. काही महिने लांब राहा, मग परत तपासू."

सुजितनं सुपरवायझर नरेंद्रकडं बदली मागितली, निदान टाकीत धूर ओढणारा पंखा तरी. कारण विचारल्यावर त्यानं सांगून टाकलं. दुपारपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं. कुणीतरी त्याच्या डब्यावर खडूनं शून्य काढलं.

पण हात धुताना बरोबरचा वेल्डर महेश हळूच जवळ आला. "माझ्या बायकोचं दोनदा पोट पडलं. दुसऱ्या पाळीत टाकीत उतरतात त्या दोघांनाही मूल नाही."

सुजितनं पंख्यासाठी अर्ज लिहिला आणि महेश आणि त्या दोघांपुढं धरला. एकानंही सही केली नाही. "कागदावर नाव आलं तर गावात तोंड कसं दाखवायचं?" महेश म्हणाला. पुढच्या महिन्यात सुजितचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही.

तो वांगणीच्या एका नव्या सोसायटीत वॉचमन झाला. आईला त्यानं खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "हे तुला तिनंच शिकवलं. माझ्या पोरात खोट नाय."

त्याच्या जागी टाकीत आता कारखान्यातला तरुण वेल्डर पुष्कर उतरतो, हे कळल्यावर सुजितनं त्याला फोन केला. पुष्करचं लग्न ठरलेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तुझा पर्सनल प्रॉब्लेम होता ना तो?"

आठ महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. आकडा वाढला होता. बाई म्हणाल्या, आशा आहे. सुजित तो घेऊन घरी आला तेव्हा विनिता कामावरून येऊन बसली होती. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात ती वर्षभर जात होती. तिनं कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"मी सगळ्यांना सांगतो, तुझा काही दोष नव्हता म्हणून," तो म्हणाला.

"आता? ज्या बायांनी माझ्या मांडीवरून पोरं उचलून नेली, त्यांची पोरं शाळेत जातात."

"मग परत बाईंकडं—"

"तू जा. मला त्या तपासणीच्या टेबलावर आता झोपायचं नाही."

ती उठली आणि भात लावायला आत गेली.