नानांचा ट्रान्झिस्टर आणि हरवलेला माईक

लाऊडस्पीकरच्या धंद्यात वायर गुंडाळून ठेवावी लागते. किस्से मात्र न सांगता गोळा होतात! नव्वदच्या दशकात मी जळगावला नानांच्या साउंड सर्व्हिसमध्ये होतो. नानांनी बिनवायरचा कॉलर माईक आणला. त्याचा आवाज एफएम ट्रान्झिस्टरवर यायचा. पाहुणे माईक काढायला विसरत, तो हरवे. मग नाना ट्रान्झिस्टर फुल करून खोल्याखोल्यांतून हिंडत. माईकपाशी पोचले की रेडिओ कर्कश शिट्टी मारी!

*

पहिल्यांदा ट्रान्झिस्टरवर नुसतं घोरणं आलं. आम्ही घोरण्याच्या मागे मागे गेलो. स्टोअररूममध्ये शिट्टी वाजली आणि सतरंजीवरचे प्रमुख पाहुणे दचकून उठले. "झालं का माझं भाषण?"

*

नशिराबादच्या शाळेत तर प्रत्येक वर्गात शिट्टी! नानांनी कपाटं उपसली, हेडसरांना खुर्चीवरून उठवलं. तासाभरानं मी म्हटलं, "नाना, माईक तुमच्याच खिशात आहे."

"मग! मी बरोबरच शोधत होतो की!"

*

मेहरूणच्या महिला मंडळात माईक बायकांच्या घोळक्यात कुठंतरी पडला. अध्यक्ष सोनवणेबाई आमच्याजवळ उभ्या. ट्रान्झिस्टर बोलू लागला, "अगं, ती साडी बाईंची नाहीच, जावेची आहे!"

नाना घाबरले. "बंद करू?"

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "सेल नवे आहेत ना?"

*

नानांची ख्याती फैजपूरपर्यंत गेली. तिथून एक गृहस्थ आले. घरात कपाटाची किल्ली हरवली होती.

"किल्लीला माईक होता का?"

"नाही. पण रोज रेडिओशेजारीच असायची. ओळख असेल!"

*

धुळ्याच्या एका लग्नात चहा गार मिळाला म्हणून वरबाप रुसले. दोन्ही व्याह्यांचं बोलणं बंद. वरबाप "चला परत!" म्हणाले, तर नवरदेवाचे आजोबा, आबा, गायब! आशीर्वाद देताना लावलेला माईक त्यांच्या सदऱ्यालाच होता. नाना ट्रान्झिस्टर घेऊन निघाले, मागे दोघे व्याही.

रेडिओवर आबा अहिराणीत आपल्या मुलाबद्दल बोलत होते, "मना पोऱ्या येडा शे."

दुसरा म्हातारा म्हणाला, "मना तरी कोठे शाना शे!" तो नवरीचा आजोबा.

दोघे व्याही खाली बघू लागले. गाद्यांच्या खोलीपाशी शिट्टी झाली. दार उघडलं. दोघे म्हातारे गाद्यांच्या ढिगावर, मध्ये जिलबीचं ताट.

वरबाप कसेबसे म्हणाले, "आबा, उठा. चहा गार होता."

"गार व्हता ना? मंग जिलबी खाय, गरम शे! आन व्याहीले बी दे!"