वरातीची चाल शिकलेली गाडी

थोरल्या भावाचा डावा पाय गुडघ्याखालून काढला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वकुबाप्रमाणे मदत केली. वहिनीने पथ्य सांभाळलं, पुण्याच्या मुलाने बिनक्लचची गाडी घेऊन दिली, आणि मी त्या गाडीला नको त्या सवयी लावल्या.

भावाला घरात आणि गल्लीत सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. त्याने उभी हयात जळगाव-पारोळा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली. आत माणसं किती कोंबलेली असायची ते विचारू नका, पण आबाच्या गाडीत म्हातारी बाई हातावर तंबाखू मळायला बसली तर चिमूटभरही खाली सांडायची नाही. मी जळगावच्या शाळेत भूगोल शिकवला. रस्ते मला नकाशावर चांगले कळायचे. गाडी मी अशी चालवतो की मागे बसलेली माणसं देवाचं नाव घेतात.

शुगरने पाय नेला. पुतण्याने गाडी आणून उभी केली आणि समजावलं की हिला उजवा पाय पुरतो, गिअर ती आपली आपण बदलते. आबाने आत डोकावून क्लच शोधला, सापडला नाही, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसला. मुलगी धुळ्याला दिलेली. ती बापाला बघायला आली होती, निघताना दारात रडत उभी राहिली. तिला त्याने सांगितलं, "रडू नको. आते मी येसू तुनाकडे. गाडी चालाईसन येसू."

स्वतः गाडी चालवत धुळ्याला येणार, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून घरातलं सगळं त्या वाक्याभोवती फिरायला लागलं. जखम सुकणं, नकली पाय बसवणं, अंगणात काठीवर फेऱ्या मारणं, सगळं धुळ्यासाठी. कुणी त्याला रिक्षाने किंवा बसने जा म्हणालं की तो ऐकू न आल्यासारखं करायचा. पोतं टाकल्यासारखं लेकीच्या दारात कुणी आणून टाकायचं नव्हतं त्याला.

तोवर गाडी माझ्या ताब्यात. पांढरी, चकचकीत, आणि लग्नाचे दिवस. आमच्याकडे भाऊबंदात कुणाकडे चांगली गाडी आली की ती नवरदेवाची होते. मालकाला विचारत नाहीत, कधी येता एवढंच विचारतात. नाही म्हटलं तर पुढे आपल्या घरच्या कार्याला पंगतीत वाढायलाही कुणी उभं राहत नाही. मी नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. बॉनेटवर फुलांची जाळी, मागे नवरदेव, आणि पुढच्या सीटवर फेटा बांधून मी. जन्मात पहिल्यांदाच माझ्या गाडी चालवण्याकडे लोक कौतुकाने बघत होते.

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर चालत गेलं तर विडी संपायच्या आत संपेल. वरात तेवढ्याला अख्खी दुपार लावते. पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारी पोरं. गाडीने वीतभर पुढे व्हायचं, थांबायचं, परत वीतभर. मी ब्रेक सोडायचो, दाबायचो, सोडायचो. मध्येच पोरं बाजूला झाली की मी उत्साहाच्या भरात जोरात पाय द्यायचो, आणि पुढे कुणाची तरी आत्या नाचत असायची. परत ब्रेक. सगळा मोसम असाच गेला. आबाला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून मी अधूनमधून तिला फिरवून आणतो.

नकली पाय बसला. डॉक्टर म्हणाले, आधी मोकळ्या मैदानात बघा. आम्ही गावाबाहेरच्या मैदानात गेलो. आबा स्टिअरिंगमागे बसला, आरसे नीट केले, आणि हलक्या पायाने गाडी सोडली. गाडी जागची हलेना. त्याने थोडा जास्त पाय दिला, तशी ती अडखळली, विचारात पडली, आणि एकदम उसळून पुढे गेली. त्याने पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. माझ्या पायाखालीही ती हल्ली अशीच वागत होती, पण मला वाटायचं ऑटोमॅटिक म्हणजे हेच असतं. आबाला तसं वाटलं नाही. आयुष्यभर ज्याच्या गाडीत तंबाखू सांडली नाही, त्याने गाडीवर संशय घेतलाच नाही.

"गाडीनं काही बिघडेल नही," तो म्हणाला. "मनाच पाय गया."

दोष आपल्याच पायाचा, असं ठरवून घरी आल्यावर त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. लेकीचा फोन आला की फोन वहिनीकडे द्यायला लागला. अंगणातल्या फेऱ्या बंद झाल्या. वहिनी मला म्हणाली, पाय कापला तेव्हाही माणूस असा बसला नव्हता.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यात कुणी तरी सांगत होतं की बॅटरीची तार काढून ठेवली की गाडी सगळं विसरते. मी पान्हा घेऊन बॉनेटमध्ये शिरलो. गाडी बरंच काही विसरली. घड्याळ बारावर गेलं, रेडिओची स्टेशनं गेली, आणि पडद्यावर कुठली तरी परकी लिपी उमटली, ती अजून गेलेली नाही. गिअर मात्र तसेच राहिले. शेजारचे खान चाचा भिंतीवरून हे सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, मास्तर, आता बैल जुंपायचे का.

शेवटी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने गाडीला वायर लावली, लॅपटॉपवर काही तरी बघितलं आणि मला विचारलं की ही गाडी कुठे चालवता. मी म्हटलं, गावातच. तो म्हणाला, हिचे गिअर चालवणाऱ्याचा पाय बघून स्वतःला बदलत जातात. तुम्ही कसा पाय देता तशी ती होते. हिला सारखं थांब-चल आणि एकदम उसळायची सवय लागलीय. जुनं शिकलेलं पुसून टाकतो, मग ज्याला चालवायची त्यानेच पहिल्यापासून सावकाश चालवा, त्याच्या पायाला ती जुळेल. मला तिथेच नाचावंसं वाटलं. आबाचा पाय गेला नव्हता. त्याच्या पायाखाली माझी वरात आली होती.

घरी येऊन मी सगळं कबूल केलं. आबाने शांतपणे विचारलं, किती लग्नं लावली. मी म्हटलं, मोजली नाहीत. मग त्याने विचारलं, फेटा बांधायचास का. मी हो म्हणालो, आणि तो इतका हसला की वहिनी आतून पदराला हात पुसत बाहेर आली. त्याच दिवशी त्याने लेकीला स्वतः फोन लावला आणि सांगितलं, परवा येतो.

परवा सकाळी निघालो. वहिनीने मागच्या सीटवर लोणच्याची बरणी आणि केळ्याच्या फण्या ठेवल्या, ती स्वतः आली नाही. म्हणाली, बापलेकीच्या मध्ये कशाला. आबा चालवायला, मी शेजारी. गाडीचा कान पिळल्यासारखा बदल झाला होता. त्याने जरासा पाय दिला की ती निघायची, गिअर कधी बदलला ते पोटातल्या पाण्याला कळत नव्हतं. एरंडोल गेलं. आबा गुणगुणत होता. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली, जी मी सहसा घाईनेच देतो.

पारोळ्याच्या अलीकडे पुढे कापसाचा ट्रॅक्टर होता. लांबूनच दिसत होता. आबाने वेग कमी करायला पाय उचलला, असं मला वाटलं, आणि त्यालाही तसंच वाटलं असावं. गाडी कमी झाली नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत नव्हता. मान वाकवून खाली बघत होता. अंधारात चप्पल शोधावी तसा तो स्वतःचा पाय शोधत होता.

पाय ॲक्सिलरेटरवरच होता. त्याने तो डोळ्यांनी बघून ब्रेकवर नेला. ट्रॉलीतला कापूस काचेला लागायचा राहिला. मग त्याने सिग्नल देऊन, पद्धतशीर, गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

 त्याने उजव्या पायातली चप्पल काढली आणि बोटांनी तळवा दाबून बघितला. दाबलेलं त्याला कळत नव्हतं. शुगर तिकडेही पोचली होती.

"गाडी बरोबर शे," तो म्हणाला. "एकदम बरोबर शे."

  गाडी बिघडलेली होती तोवर दोष द्यायला निदान ती तरी होती. मी खटपट करून तीही दुरुस्त करून आणली होती.

आम्ही जागा बदलल्या. मी गाडी काढली, तशी तिने माझ्या पायाला एक हिसका दिला. आबा समोर बघत म्हणाला, "इतला पाय नको दिऊ." थोड्या वेळाने म्हणाला, आता सोड. मग, आता दे, हळू. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत तो असं सांगत राहिला आणि मी तसा पाय देत राहिलो. फागण्याच्या पुढे कधी तरी हिसके थांबले.

लेकीच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मी गाडी थांबवली. म्हटलं, आबा, शेवटचीच गल्ली आहे, रिकामी आहे, तू बस इकडे. पोरीला काय कळतंय.

त्याने मान हलवली. "तठे पोरं खेळतस."

ती फाटकात उभी होती. दुखण्यातून उठून बाप पहिल्यांदा दारी येतोय म्हणून ओवाळून टाकायला एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. गाडी थांबताच ती हसत ड्रायव्हरच्या खिडकीशी आली आणि वाकली. आत मी होतो.

भाकरीचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यापलीकडे.  बॉनेटला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली. ती पोचायच्या आत आबाने काच खाली घेतली होती.

"तुना काकाले गाडी शिकाडी राह्यनू," तो म्हणाला. "अजून कच्चा शे."

तिने तुकडा त्याच्यावरून ओवाळला, पाणी फिरवलं, आणि दोन्ही लांब, रस्त्याच्या पलीकडे टाकायला गेली. परत यायला तिने बराच वेळ लावला.