बाणूबाईच्या रांजणाचं पाणी

भालकीच्या माणिकराव बिरादारांनी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर चुका काढायला घरात बायकोच उरली, आणि ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकानं सीमाभागावरचं, दोन महिन्यांपूर्वी बाजारात आलेलं प्रवासाचं पुस्तक पाठवून 'तुमचा मुलूख यात कितपत खरा उतरलाय ते कळवा' असं लिहिलं, तेव्हा सरांनी खुशीत लाल पेन काढला.

पुस्तक लिहिणाऱ्या तरुणाला गेल्या वर्षी दोन दिवस त्यांनीच हिंडवलं होतं. तरी दयामाया नाही. करजगी बिदर जिल्ह्यात ढकललेली; ती तर अफझलपूर तालुक्यात, कलबुर्गीकडे. हमरस्त्यावरच्या भरल्या मन्नाएखेळ्ळीला म्हणे 'छोटी वस्ती'! सरांनी शेरा मारला, 'लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दिसत नाही. दहापैकी चार.'

मग उदगीर रस्त्यावरच्या फाट्याचं पान आलं. 'लिंबाची दाट सावली, विसाव्याला उत्तम जागा. मात्र येथील पाणी पिऊ नये, सोबत बाटली ठेवावी.'

पेन तसाच हातात राहिला. हे वाक्य लेखकाचं नव्हतं. सरांचं होतं.

त्या फाट्यावर बाणूबाई रांजण भरून ठेवते. तिचा नवरा इरप्पा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. एका उन्हाळ्यात कुणा अनोळखी बाईनं पाणी पाजलं म्हणून तो जगला, आणि घरी येऊन त्यानं फाट्यावर रांजण मांडला. तो गेल्यावरही बाणूबाईनं रांजण कोरडा पडू दिला नाही. शाळेच्या वाटेवर बसमधून उतरले की सर आधी तिथं पाणी प्यायचे, मग घड्याळ बघायचे. एक-दोन नव्हे, तीस वर्षं!

पण गेल्या वर्षी सोबत हा पुस्तक लिहिणारा पुण्याचा पाहुणा होता, पांढऱ्या बुटांतला. बाणूबाईनं गुळाचा खडा आणि पोचे पडलेला तांब्या पुढं केला, आणि सरांना त्या तांब्याची लाज वाटली. तिला कळू नये म्हणून ते इंग्रजीत पुटपुटले, "इथलं पाणी पिऊ नका, बाधेल." पाहुण्यानं गूळ तेवढा घेतला. सर स्वतःही न पिता गाडीत बसले.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात जन्म गेलेल्या माणसाला आपलं मुसळ सापडलं, की जेवण गोड लागत नाही. सरांनी ताट सारलं आणि सकाळच्या पहिल्या बसनं फाटा गाठला.

सावलीत एक मोटार उभी होती. आतली मंडळी खाली बसून आपापल्या बाटल्यांतलं पाणी पीत होती. बाणूबाई राखेनं तांब्या घासत होती.

"सर, बरं झालं आलाव," ती म्हणाली. "दोन म्हैने झालं, मोटारवाले बसायलेत, पर पाणी घेईनात. मी रोज दोनदा रांजण धुवायलेय. तरी कामून पिईनात? वास येतंय का, जरा पिऊन सांगा की."

सर प्यायले. पाणी नेहमीसारखंच गोड होतं. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं आणि घाईनं पुढं जोडलं, "मी कळवतो अक्का. पुस्तकातली ती चूक काढायलाच लावतो."

"पुस्तक कुठं चुकलं?" बाणूबाई म्हणाली. "तुमी सांगितलाव, त्यानं लिवलं."

तिनं सरांच्या हातातला तांब्या घेतला आणि पुन्हा घासायला बसली. खालीच बघत म्हणाली, "तवा तुमी विंग्रजीत बोललाव ना, मला वाटलं, त्या पोराला माझं नाव सांगायलाव."